वाद, जल्प आणि वितंडा

वक्तृत्वस्पर्धेत ज्याचे भाषण अधिक प्रभावी, त्यास पारितोषिक मिळते आणि ते योग्यच आहे. परंतु शास्त्रीय सत्याचा निर्णयही वक्तृत्वाने होतो काय? 'सजीव सृष्टी आहे तशीच निर्माण झाली, की क्रमाक्रमाने उत्क्रांत झाली?' या प्रसिद्ध विवादाच्या आधारे आपण या प्रश्नाचा विचार करू.

आपल्या न्यायशास्त्राने चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. सत्य जाणण्यासाठी केलेली चर्चा तो वाद. केवळ विजयासाठी केलेली चर्चा तो जल्प. आणि स्वतःचा पक्ष न मांडता प्रतिपक्षाचे नुसते खंडन करणे ही वितंडा होय.

मनुष्य खालच्या प्राण्यांपासून उत्पन्न झाला, असे सरकारी शाळांत शिकविण्यास अमेरिकेतील टेनेसी राज्याने १९२५ साली कायद्याने बंदी केली. त्याच वर्षी डेटन येथील शिक्षक जॉन स्कोप्स यांच्यावर खटला झाला. विल्यम जेनिंग्ज ब्रायन आणि क्लॅरेन्स डॅरो हे दोन नामांकित वक्ते परस्परांविरुद्ध उभे राहिले. मात्र शास्त्रज्ञांची साक्ष ज्यूरीपुढे येऊ दिली गेली नाही. स्कोप्स यांना १०० डॉलर दंड झाला. तो पुढे १९२७ साली रद्द झाला आणि कायदाही १९६७ साली गेला. कायदा मोडला की नाही, एवढेच त्या न्यायालयाने ठरविले. मनुष्य कसा उत्पन्न झाला, हा प्रश्न तेथे सुटला नाही.

खऱ्या वादाचा पहिला नियम असा, की पूर्वपक्ष प्रामाणिकपणे मांडावा. चार्ल्स डार्विनने १८५९ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात स्वतःच्या मतावरील अडचणींसाठी एक संपूर्ण प्रकरण दिले. जीवजाती हळूहळू बदलल्या असतील, तर मधल्या अवस्थांचे अवशेष का आढळत नाहीत, हा आक्षेप त्याने स्वतःच पुढे ठेवला.

दुसरा नियम असा, की मत कसोटीस लावावे. मासे आणि चतुष्पाद यांमधील प्राणी खरोखर होऊन गेला असेल, तर तो कोणत्या काळाच्या खडकांत सापडेल, हे शास्त्रज्ञांनी आधी ठरविले. मग नील शुबिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्तर कॅनडातील एल्समिअर बेटावर अनेक उन्हाळे शोध घेतला. २००४ साली तेथे सुमारे ३७.५ कोटी वर्षांपूर्वीच्या प्राण्याचे अवशेष मिळाले. त्यास 'टिक्टालिक' म्हणतात. त्याला माशाचे खवले आणि पर होते. परंतु मान वळणारी होती आणि परांत मनगटासारखी हाडे होती. शोध निष्फळ ठरण्याचा धोका पत्करूनच हे मत कसोटीस उतरले होते.

तिसरा नियम मर्यादेचा आहे. ईश्वर आहे की नाही, हे असे अवशेष सांगत नाहीत. म्हणून उत्क्रांतीच्या नावाने कोणाच्या श्रद्धेचा उपहास करणे हा जल्प होय. आणि शास्त्रातील उणिवा दाखवून 'म्हणून आमचेच खरे' असे म्हणणे ही वितंडा होय.

विद्यार्थिमित्रहो, यापुढे वादसभेत उभे राहताना आपण स्वतःस एक प्रश्न विचारू या: कोणता पुरावा समोर आला, तर आपण आपले मत बदलू? ज्याच्यापाशी याचे उत्तर आहे, तोच खरा वाद करू शकतो.