वाडींतील घर, पाहुण्यांचें भाडें आणि प्राप्तिकर

दापोली, गुहागर, मालवण या बाजूंस बागायतदारांच्या घरीं सुटीच्या दिवसांत प्रवासी उतरूं लागले आहेत. दोनचार दिवसांच्या या मुक्कामापासून खातेदारास बरी प्राप्ति होते; मात्र ती कोणत्या सदरांत धरावयाची याविषयीं घोटाळा फार. घर सातबाऱ्याच्या जमिनींत, सारा आम्ही भरतों, तेव्हां भाडें हेंहि शेतीचेंच उत्पन्न, असें पुष्कळजण धरून चालतात. साऱ्याची पावती जमिनीची साक्ष देते. खोलीच्या भाड्याची देत नाहीं.

शेतीच्या उत्पन्नास प्राप्तिकराची माफी १८८६ च्या कायद्यापासून चालत आली आहे. शेतांतील किंवा शेतालगतचें घर जमिनीच्या कामामुळें कास्तकारास राहण्यास अथवा धान्य सांठविण्यास लागत असेल, तर त्यासहि ती माफी पोंचते. गैरसमजाचें मूळ हेंच. परंतु असें घर दुसऱ्यास राहण्यासाठीं भाड्यानें दिल्यास तें उत्पन्न शेतीचें नव्हे, असा खुलासा २००० सालच्या वित्त कायद्यानें केला. मुक्काम दोन रात्रींचा कीं वर्षाचा, हें पाहण्याचें कारण नाहीं.

राहत्या घराचें भाडें मालकानें धंद्यांत न दाखवितां घरमालमत्तेच्या सदरांत दाखवावें, असें २०२४ सालीं ठरलें. समजा, दोन खोल्यांचें वर्षाचें भाडें १,२०,००० रुपये आलें आणि त्या खोल्यांच्या वांट्याची २,००० रुपये घरपट्टी आपण भरली. उरले १,१८,०००. त्यांतून शेंकडा ३० प्रमाणें ३५,४०० वजा जाऊन ८२,६०० रुपये हिशेबांत येतात. कौलें शाकारण्यास याहून अधिक खर्च झाला तरी तो निराळा मिळत नाहीं. कमी झाला तरी सूट पुरी मिळते. जेवणाचे पैसे मात्र धंद्याचे. तेथें किराणा व स्वयंपाकिणीची मजुरी वजा होते. म्हणून मुक्काम व जेवण यांची नोंद वेगळी ठेवावी. नोकरचाकर ठेवून मोठ्या प्रमाणावर खानावळवजा व्यवसाय चालविला, तर प्रश्न अवघड होतो. तेथें जाणत्या सल्लागारासच विचारावें.

एवढ्याशा भाड्यावर कर तो काय बसणार, असें कोणी म्हणेल. तें एकटें असतां बहुधा बसणारहि नाहीं. पण घरधन्यास पेन्शन किंवा ठेवीचें व्याज असेल, तर भाडें त्यांत मिळून करमाफीची मर्यादा ओलांडली जाते. तसें झालें, आणि शेतीचें निव्वळ उत्पन्न ५,००० रुपयांहून अधिक असलें, तर दर ठरविण्यापुरतें तेंहि मिळविलें जातें. ही रीत १९७३ पासूनची आहे. शेतीवर कर बसत नाहीं, परंतु इतर उत्पन्नास वरचा दर लागूं शकतो. ही गोष्ट फारच थोड्यांस ठाऊक असते.

पाहुणे जातांना झाडाचे आंबे विकत नेतात. ती विक्री शेतीचीच. तिची पावती भाड्याच्या पावतींत मिसळूं नये.