घरची शिवण : माप, माया आणि गणवेश

मूल जन्माला आले की त्याच्या अंगावर पहिले वस्त्र चढते ते बहुधा घरातच शिवलेले असते. जुन्या, धुऊन धुऊन मऊ झालेल्या धोतराचे झबले, लुगड्याच्या काठाचे टोपडे, थंडीवाऱ्यासाठी कुंची आणि अंथरायला गोधडी, अशी ही परंपरा धाराशिव जिल्ह्यातही पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. पाऊस हुलकावणी देणाऱ्या या जिल्ह्यात कापडाचा तुकडा वाया घालविणे घरास परवडणारे नव्हते. लुगडे फाटले की त्याचे परकर-पोलके होई, तेही विरले की गोधडीचा थर होई. तुळजापूरच्या भवानीमातेच्या ओटीतील खणाचीदेखील पुढे घरी चोळी बेतली जाई.

तयार कपडे स्वस्त व सुलभ झाल्यामुळे ही विद्या मागे पडली. शेजारच्या सोलापुरात तर गणवेश तयार करण्याचा मोठा उद्योग उभा राहिला आहे. तथापि घरच्या शिवणीची उपयुक्तता संपलेली नाही. ती कोठे उपयोगी पडते आणि कोणत्या नियमांनी साधते, याचा विचार शाळा व पंचायत या दोन्ही दृष्टींनी महत्त्वाचा आहे.

बेतण्याचे नियम

शिवणकामाचे यश यंत्रापेक्षा बेतण्यावर अवलंबून असते. कोरे सुती कापड पहिल्या धुण्यात आटते. म्हणून ते आधी भिजवून, वाळवून, इस्त्री करून मगच कापावे. कपड्याची उंची कापडाच्या उभ्या धाग्यात धरावी. तिरपा कापलेला कपडा धुतल्यावर ओढला जातो.

माप नेहमी अंगावरून घ्यावे, वयावरून किंवा इयत्तेवरून नव्हे. एकाच वर्गातील दोन मुलांच्या अंगलटीत पुष्कळ अंतर असते. छातीचे माप ६० सेंटिमीटर आल्यास सैलपणासाठी त्यात ८ सेंटिमीटर मिळवावेत. होणाऱ्या ६८ चा चौथा हिस्सा, म्हणजे १७ सेंटिमीटर, ही घडीवरील रुंदी. त्यात बाजूच्या शिवणीसाठी २ सेंटिमीटर धरून १९ वर खूण करावी. पुढच्या भागास गुंड्यांच्या पट्टीसाठी ३ ते ४ सेंटिमीटर आणखी लागतात.

शिवणीत राखून ठेवलेल्या जादा कापडाला मराठीत ‘माया’ म्हणतात, हे नाव अर्थपूर्ण आहे. सहा ते दहा वर्षांचे मूल वर्षाकाठी साधारण ५ ते ६ सेंटिमीटर वाढते. विजारीच्या अथवा परकराच्या खालच्या दुमडीत तेवढी माया राखली तर पुढील वर्षी दुमड उसवून तोच कपडा वापरता येतो. कापण्यापूर्वी माया ठेवण्याचा विसर पडला तर पुढे कोणत्याही कौशल्याने ती भरून निघत नाही.

प्रथम हाताने धावदोरा घालून कपडा अंगावर बसवून पाहावा, नंतरच यंत्रावर पक्की शिवण घालावी. मध्यम सुती कापडास १४ क्रमांकाची व जाड कापडास १६ क्रमांकाची सुई वापरावी. यंत्रास नियमित तेल द्यावे आणि बोथट सुई तत्काळ बदलावी.

२०२४ चा धडा

या साध्या नियमांचे महत्त्व राज्याने २०२४-२५ या शैक्षणिक वर्षात अनुभवले. ‘एक राज्य, एक गणवेश’ या धोरणानुसार कापडाची खरेदी मध्यवर्ती पद्धतीने झाली आणि शिलाईचे काम १९७५ मध्ये स्थापन झालेल्या महिला आर्थिक विकास महामंडळामार्फत बचत गटांकडे सोपविण्यात आले. गावातील महिलांना काम मिळावे, हा हेतू स्तुत्य होता. परंतु अनेक ठिकाणी गणवेश उशिरा पोहोचले व मापात बसले नाहीत, अशा तक्रारी आल्या. डिसेंबर २०२४ मध्ये निर्णय बदलून २०२५-२६ पासून हे काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे देण्यात आले.

या अनुभवावरून शिवणाऱ्या महिलांना दोष देणे योग्य नव्हे. माप घेणारा, कापड कापणारा व शिवणारा हे एकमेकांपासून जितके दूर, तितकी चूक वाढते आणि ती दुरुस्त करणारा जवळ नसतो. या जिल्ह्यासाठी विलंबाचा प्रश्न अधिक गंभीर आहे. ऊसतोडीसाठी येथील अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात. त्यानंतर आलेला गणवेश त्या घरातील मुलाच्या अंगावर हंगाम संपेपर्यंत चढतच नाही.

गावाने काय करावे

गणवेशाचा निर्णय आता पुन्हा गावपातळीवर आला आहे. दोन गणवेशांसाठी प्रति विद्यार्थी ६०० रुपये ही मर्यादित तरतूद आहे. तिचा लाभ मुलास आणि गावातील शिवणाऱ्या हातांस, दोघांनाही होऊ शकतो. उन्हाळी सुट्टीपूर्वी शिक्षकांनी प्रत्येक मुलाची मापे नोंदवहीत घ्यावीत. गावात शिवणाऱ्या महिला असल्यास त्यांना आधी एक नमुना शिवावयास सांगून तो मुलांच्या अंगावर पाहावा; नंतरच पूर्ण काम द्यावे. शिलाईचा दर आरंभीच ठरवून पैसे वेळेवर द्यावेत.

ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नाचा १० टक्के भाग महिला व बालकल्याणासाठी खर्च करावयाचा असतो. त्यातून शिवणवर्ग चालविता येईल. २०२३ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेत शिंपी व्यवसायाचा समावेश असून, प्रशिक्षण आणि साधनांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य मिळते. मात्र केवळ यंत्र देऊन काम संपत नाही. बेतणे न शिकविता दिलेले यंत्र कोपऱ्यात धूळ खात पडते.

जून महिन्यात शाळेची घंटा वाजेल तेव्हा गावातील प्रत्येक मूल मापाचा गणवेश घालून वर्गात बसलेले असावे. त्याची तयारी मार्च-एप्रिलमध्येच, एक टेप आणि एक नोंदवही घेऊन, सुरू होते.