पेटंट एजंट व्हायचंय? आधी पदवी कोणती ते पाहा

‘कायद्याचं काम म्हणजे एलएलबी करावंच लागेल ना?’ पेटंट एजंटच्या व्यवसायाचा विषय निघाला की पालकांचा पहिला प्रश्न हाच असतो. एलएलबी लागत नाही. उलट, बीए किंवा बीकॉम करून पुढे कायद्याची पदवी घेतली, तर तेवढ्यावर पेटंट एजंटच्या पात्रता परीक्षेला बसता येत नाही. बारावीनंतरचा निर्णय घेताना हे माहीत हवं. पाच वर्षांनी कळलं तर फार उशीर झालेला असतो.

पेटंट कायदा, १९७०च्या कलम १२६मध्ये पात्रता दिली आहे. उमेदवार भारताचा नागरिक हवा, त्याला २१ वर्षं पूर्ण झालेली हवीत आणि त्याच्याकडे भारतात कायद्याने स्थापन झालेल्या विद्यापीठाची विज्ञान, अभियांत्रिकी किंवा तंत्रज्ञानाची पदवी हवी, किंवा केंद्र सरकारने ठरवलेली समकक्ष पात्रता. टक्केवारीची अट कलमात नाही, एमएस्सीची तर नाहीच. साध्या तीन वर्षांच्या बीएस्सीवाल्यालाही दार उघडं आहे. नुसत्या पॉलिटेक्निक डिप्लोमावर मात्र भागत नाही, कारण कायदा पदवी मागतो.

ही अट जाचक वाटेल, पण तिच्यामागे कारण आहे. एजंटचं खरं कौशल्य दावे, म्हणजे पेटंटच्या अर्जात शोधाची नेमकी हद्द सांगणारी वाक्यं, लिहिण्यात असतं. समजा, एखाद्याने ठिबक सिंचनाची न तुंबणारी तोटी बनवली. दाव्यात ‘प्लास्टिकची तोटी’ एवढंच लिहिलं, तर दुसरा कोणी तीच रचना धातूत करून मोकळा होईल. फार मोघम लिहिलं, तर ‘हे आधीपासून होतंच’ म्हणून अर्ज अडेल. तोटीतला पाण्याचा दाब ज्याला कळत नाही, त्याला ही रेघ नेमकी कुठे ओढायची ते कळणार नाही.

परीक्षेत कायदा व नियमांचा पेपर १०० गुणांचा, मसुदालेखनाचा १०० गुणांचा आणि तोंडी परीक्षा ५० गुणांची. प्रत्येक लेखी पेपरात किमान ५० आणि एकूण ६० टक्के, म्हणजे २५०पैकी १५०. नुसते काठावरचे ५०-५० मिळवणाऱ्याला तोंडीत पैकीच्या पैकी लागतील! म्हणून मसुदालेखनाचा सराव पहिल्या दिवसापासून हवा.

दोन गोष्टी पालकांना कळकळीने सांगते. बौद्धिक संपदेच्या डिप्लोमाने ज्ञान वाढतं, पात्रता मिळत नाही. पैसे भरण्याआधी हा फरक समजून घ्या. दुसरं, ही परीक्षा दरवर्षी होईलच असं नाही. ऑक्टोबर २०१८नंतरची परीक्षा थेट मे २०२३मध्ये झाली. मधल्या काळात मुलांनी घरी बसून वाट पाहू नये. पेटंट फर्ममध्ये किंवा कंपनीच्या संशोधन विभागात काम धरावं. जुनी पेटंट शोधणं आणि मसुद्याला मदत करणं हे तिथेच हाताखाली शिकता येतं.

कला-वाणिज्य शाखेच्या मुलांनी निराश होऊ नये. ट्रेडमार्क एजंटच्या परीक्षेला कोणत्याही शाखेचा पदवीधर चालतो.

कॉलेजच्या प्रवेश अर्जावर शाखा लिहिण्याआधी कलम १२६ घरात सगळ्यांनी मिळून एकदा वाचा.