रंग एक, अर्थ एक : संगणकावरील ध्वनिमुद्रणात रीजनची मांडणी

ध्वनिमुद्रित किंवा मिडी स्वरूपातील संगीताचा जो तुकडा संगीतनिर्मितीच्या सॉफ्टवेअरमध्ये आडव्या पट्टीसारखा दिसतो, त्याला लॉजिक प्रोमध्ये रीजन म्हणतात. प्रो टूल्समध्ये २०११ साली आलेल्या दहाव्या आवृत्तीपासून त्यालाच क्लिप म्हटले जाऊ लागले, तर रीपरमध्ये तो आयटम ठरतो आणि रीजन हा शब्द कालरेषेवरील एका टप्प्यासाठी वापरला जातो. दोन इंची टेपच्या काळात चोवीस ट्रॅकांपैकी कशावर काय आहे, याची नोंद ट्रॅक शीट नावाच्या कागदावर होत असे व तो कागद टेपसोबत ठेवला जाई. संगणकाने ट्रॅकांची मर्यादा जवळजवळ नाहीशी केली, मात्र नोंद ठेवण्याची गरज त्यामुळे उलट वाढली.

ही गरज दुर्लक्षिली की काय घडते, हे एखाद्या भावगीताच्या सेशनमध्ये स्पष्ट दिसते. ट्रॅकला नाव न देताच मुद्रण सुरू केले, तर ‘ऑडिओ १’, ‘ऑडिओ २’ अशा धर्तीची क्रमांकित नावे रीजनना आपोआप पडतात. दुसऱ्या अंतऱ्याचा कोणता टेक पसंत पडला, हे त्या दिवशी सर्वांच्या ध्यानात असते, पण मिक्सिंगला बसणाऱ्या व्यक्तीला ते कळण्यास काहीच आधार उरत नाही. त्यातच एकाने हिरवा रंग तालवाद्यांसाठी आणि दुसऱ्याने पसंत टेकसाठी वापरला असेल, तर बाद केलेला टेक मिक्समध्ये शिरतो आणि गायिकेची मेहनत वाया जाते.

म्हणून अनुभवाने पटलेला क्रम असा की, मुद्रणाआधी ट्रॅकला नाव द्यावे, म्हणजे रीजन व फाइल दोन्हींना तेच नाव मिळते. त्यानंतर वाद्यकुलानुसार रंग ठरवावा, जसे तबला व ढोलकीला एक, बासरीला दुसरा, व्हायोलिनला तिसरा आणि गायनाला चौथा. लॉजिकमध्ये ऑप्शन व सी या कळा एकत्र दाबल्यावर रंगपट उघडतो आणि निवडलेल्या सर्व रीजनना एकाच वेळी रंग देता येतो. मुखडा आणि अंतरे दाखवण्याचे काम रंगावर न सोपवता मार्करकडे द्यावे. मात्र साधा मार्कर आणि अरेंजमेंट मार्कर यांतील भेद ध्यानात ठेवावा, कारण अरेंजमेंट मार्कर सरकवला की त्याखालील सर्व रीजन त्याच्यासोबत सरकतात. पसंत, राखीव आणि बाद या अवस्था नावातच लिहाव्यात व बाद टेक म्यूट करून ठेवावेत.

रंगावर सारा भरवसा ठेवू नये, याला दोन ठोस कारणे आहेत. लाल व हिरवा यांतील फरक अनेकांना, विशेषतः पुरुषांना, नीट ओळखता येत नाही; शिवाय ट्रॅक वेव्ह फाइल म्हणून दुसऱ्या स्टुडिओत पाठवले की रंग मागेच राहतो आणि सोबत जाते ते केवळ फाइलचे नाव.

तेव्हा प्रत्येक निर्मात्याने आपली रंगसूची एकदाच ठरवून ती सेशनच्या टिपणात लिहून ठेवावी, ती प्रत्येक गाण्यात कटाक्षाने पाळावी, आणि नाव दिल्याशिवाय एकही ट्रॅक मुद्रणासाठी खुला करू नये.