पाण्याच्या इंजिनाची फेरबांधणी : पिस्टनची फट व संपीडन गुणोत्तर

धुळे तालुक्यातील सोनगीर हे मुंबई-आग्रा रस्त्यावरील गाव तांब्यापितळेच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध आहे. डब्याचे झाकण घट्ट झाले तर उघडत नाही, सैल झाले तर उपयोगाचे राहत नाही, हे तेथील कारागिरांस सांगावे लागत नाही. विहिरीवरील डिझेल इंजिनाची गोष्ट याहून निराळी नाही. तथापि झाकणातील दोष हाताला तत्काळ कळतो; इंजिनातील दोष मात्र रब्बीच्या ऐन पाण्याच्या पाळीस, गहू-हरभरा तहानलेला असताना उघडकीस येतो.

आज पुष्कळ विहिरींवर विजेचे पंप बसले आहेत. तरीही वीज अवेळी येते किंवा पोहोचत नाही तेथे डिझेल इंजिन राखून ठेवलेले आढळते. असे इंजिन झिजल्यावर ते खोलून नव्याने बांधावे लागते. त्या वेळी दोन अंतरांकडे काटेकोर लक्ष दिले पाहिजे. पहिले, पिस्टन व लायनर यांमधील बाजूची फट. दुसरे, पिस्टन वरच्या टोकास आला असता त्याच्या माथ्यावर राहणारे अंतर.

बाजूची फट कशासाठी?

लोहार बैलगाडीच्या चाकावर धाव चढविण्यापूर्वी ती तापवितो. तापलेले लोखंड प्रसरण पावते व थंड होताच आवळून बसते. इंजिनातही हाच नियम चालतो. लायनर बिडाचा व पिस्टन बहुधा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो. ही धातू बिडाच्या सुमारे दुप्पट प्रसरण पावते. 80 मि.मी. व्यासाचा लायनर 100 अंश सेल्सिअसने तापल्यास सुमारे 0.09 मि.मी. वाढतो, तितक्याच उष्णतेने पिस्टन सुमारे 0.17 मि.मी. वाढतो. शिवाय लायनरभोवती पाणी खेळत असल्यामुळे तो थंड राहतो, पिस्टन अधिक तापतो. म्हणून थंड असताना योग्य फट ठेवली नाही, तर भार पडताच पिस्टन लायनरला घासून अडकतो.

फट जास्त झाली तर थंड इंजिनात पिस्टन लायनरच्या भिंतीवर आपटून ठोके देतो, वंगण जळून निळसर धूर निघतो व दाब खाली क्रँककेसमध्ये निसटतो.

मोजणी कशी करावी?

लायनरचा व्यास वर, मध्ये व खाली अशा तीन ठिकाणी, आणि प्रत्येक ठिकाणी काटकोनातील दोन दिशांनी मोजावा. झीज वरच्या रिंगच्या जागी सर्वाधिक असते. एकाच जागेचे माप फसवे ठरते. पिस्टन पूर्ण गोल नसतो. तो किंचित लंबगोल व माथ्याकडे निमुळता असतो. म्हणून त्याचे माप खालच्या भागात, गजन पिनेच्या काटकोनात घ्यावे. लायनरच्या मापातून पिस्टनचे माप वजा केले असता फट मिळते. ती त्या इंजिनाच्या माहितीपुस्तकातील मर्यादेत असलीच पाहिजे.

झीज मर्यादेबाहेर गेली असेल तर लायनर व पिस्टन यांचा नवा जोड घालावा. जेथे लायनर बदलता येत नाही तेथे बोअर वाढवून त्या मापाचा मोठा पिस्टन बसवावा. झिजलेल्या लायनरमध्ये केवळ नव्या रिंगा घालणे ही खोटी काटकसर होय. जुन्या लायनरच्या वरच्या बाजूस न झिजलेला काठ उरतो. नवी रिंग त्यावर आपटून मोडण्याचा संभव असतो.

रिंगच्या तोंडाची फट रिंग लायनरमध्ये सरळ बसवून फीलर गेजने मोजावी. व्यासाच्या दर 100 मि.मी. मागे 0.3 ते 0.4 मि.मी. असा सर्वसाधारण अडसूळ आहे. तोंडे मिटलेली रिंग तापल्यावर लायनर ओरबाडते.

माथ्यावरील अंतर व संपीडन गुणोत्तर

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा दाबली जाऊन इतकी तापते की तीत फवारलेले तेल आपोआप पेटते. हवा मूळच्या कितव्या भागात दाबली गेली, ते संपीडन गुणोत्तर दाखविते. पिस्टन खाली असतानाची एकूण जागा भागिले पिस्टन वर असताना उरलेली जागा, असे त्याचे गणित आहे.

शेतकऱ्यांच्या परिचयाचे किर्लोस्कर एव्ही-1 हे 5 अश्वशक्तीचे इंजिन उदाहरणादाखल घेऊ. त्याचा बोअर 80 मि.मी., स्ट्रोक 110 मि.मी. व संपीडन गुणोत्तर 16.5 आहे. पिस्टन एका स्ट्रोकमध्ये सुमारे 553 घनसेंटिमीटर जागा व्यापतो. 553 ला 15.5 ने भागले असता वर उरणारी जागा 35.7 घनसेंटिमीटर येते.

आता समजा, सोनगीरच्या एका शेतकऱ्याच्या अशा इंजिनात मिस्त्रीने अर्धा मि.मी. जाड गॅस्केट घातले. पिस्टनचे क्षेत्रफळ सुमारे 50 चौरस सेंटिमीटर असल्याने वरची जागा 2.5 घनसेंटिमीटरने वाढून 38.2 होईल. 553 व 38.2 यांची बेरीज 591.2, तिला 38.2 ने भागले की गुणोत्तर 15.5 येते. अर्ध्या मि.मी. ने संपूर्ण एक अंक गेला! धुळ्याच्या पौषातील थंडीत पहाटे हँडल मारून हात भरून येतात, पांढरा धूर निघतो व इंजिन पेटत नाही, त्याचे हे एक कारण असू शकते. उलट अंतर फार कमी ठेवल्यास पिस्टन हेडला किंवा व्हॉल्व्हला धडकण्याचा धोका असतो.

शिशाच्या तारेची कसोटी

1. अपेक्षित अंतराहून थोडी जाड अशी शिशाची मऊ तार घेऊन तिचे दोन तुकडे ग्रीसने पिस्टनच्या माथ्यावर चिकटवावेत. ते गजन पिनेच्या रेषेवर, दोन्ही बाजूंस ठेवावेत, म्हणजे पिस्टन कलत नाही. माथ्यावरील खळग्यात तार ठेवू नये.
2. वापरावयाचे तेच गॅस्केट घालून हेडचे नट समोरासमोरच्या क्रमाने, टप्प्याटप्प्याने पूर्ण आवळावेत.
3. इंजिन हाताने सावकाश फिरवून पिस्टन वरच्या टोकापलीकडे न्यावा. अडल्यास जोर लावू नये.
4. हेड काढून चेपलेल्या तारेची जाडी मायक्रोमीटरने मोजावी. तीच माथ्यावरील अंतर होय.

माप पुस्तकातील आकड्याशी जुळत नसेल, तर निर्मात्याने सांगितल्याप्रमाणे शिम अथवा योग्य जाडीचे गॅस्केट वापरून ते जुळवावे व पुन्हा मोजावे.

बांधणीनंतर

इंजिन प्रथम भाराविना, नंतर थोड्या भारावर चालवावे. एकदम पूर्ण भार देऊ नये. पाण्याचा प्रवाह चालू असल्याची खात्री करावी. थंड झाल्यावर हेडचे नट पुन्हा तपासून टॅपेटचे अंतर जुळवावे. पहिले वंगण माहितीपुस्तकात दिल्याप्रमाणे लवकर बदलावे.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी शेतकरी बांधवांस एवढा आग्रह अवश्य धरावयास सांगावे की, हेड बंद करण्यापूर्वी लायनर, पिस्टन, रिंगची फट व माथ्यावरील अंतर ही चार मापे मिस्त्रीकडून तारखेसह वहीत लिहून घ्यावीत. इंजिनाचे काम रब्बी पेरणीपूर्वी उरकून घ्यावे. पिकाला पाणी हवे असताना घाईने बांधलेल्या इंजिनात मापे राहून जातात, आणि त्याची भरपाई पिकाला करावी लागते.