उद्या भिवंडीला जाताना

आधी दार लोटून घे आणि इथे बस. शेजारच्यांना काय वाटेल ते वाटू दे आज. सकाळपासून पोटात काही गेलेलं नाही ना? मग चहा घे, दोन पोळ्या खा. उद्या दिवसभर तुला उभं राहायचंय, आणि चक्कर येऊन पडलेल्या आईचा पोराला काही उपयोग नाही.

पोराला पोलिसांनी नेलं म्हणजे घरात काय होतं ते मी पाहिलंय गं. माझा भाचा तेव्हा सोळा वर्षांचा होता. मित्राच्या मोटारसायकलवर मागे बसला, आणि ती चोरीची निघाली. बहिणीने हातपाय गाळले, सगळी धावपळ माझ्यावर आली. त्या धावपळीत मी केलेल्या चुका तुझ्या हातून होऊ नयेत, म्हणून हे बोलणं.

बघ, तुझा मुलगा तुरुंगात नाही. अठरा वर्षांखालच्या मुलाला कोठडीत किंवा तुरुंगात ठेवायला २०१५च्या बाल न्याय कायद्याने मनाई आहे. बेड्या घालायच्या नाहीत, जबरदस्तीने कबुली घ्यायची नाही, जबाबावर त्याची सही घ्यायची नाही. प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत त्याला बाल न्याय मंडळापुढे उभं करावंच लागतं. कागदावर त्याला आरोपी म्हणत नाहीत, 'विधिसंघर्षग्रस्त बालक' म्हणतात. शब्द जड आहे, पण तो असाच आलेला नाही. ऐंशीच्या दशकात शीला बारसे नावाच्या पत्रकार बाई देशभरच्या तुरुंगांत डांबलेल्या मुलांसाठी सर्वोच्च न्यायालयात गेल्या होत्या. अशा माणसांनी भांडून मिळवलेलं आहे हे सगळं. तेव्हा पोलीस ठाण्यात 'बाल कल्याण पोलीस अधिकारी कोण आहेत?' असं विचारताना आवाज खाली नको. प्रत्येक ठाण्यात असा एक अधिकारी नेमलेला असायलाच हवा. मुलाच्या अंगावर मार दिसला, तर उद्या मंडळासमोर तेही स्पष्ट सांग.

बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर, आपण सगळे ठाणे जिल्ह्यात. आपल्याकडच्या मुलग्यांना बहुतेक वेळा भिवंडीच्या निरीक्षणगृहात नेतात. लोक त्यालाच रिमांड होम म्हणतात. मंडळाचं कामही भिवंडीतच चालतं. कल्याणपर्यंत लोकल, पुढे एसटी नाहीतर शेअर रिक्षा. कोनगाव आणि रांजणोली नाक्यावर गाड्या तुंबलेल्या असतात, म्हणून हातात तासभर जास्त ठेवूनच नीघ.

आता कागद. पहिल्या दिवशी मी नुसती पर्स घेऊन गेले होते, आणि भाच्याचं वय सोळा की अठरा यावरच अडलं. बघ, वय ठरवताना आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र बघतात. ते नसेल तर नगरपालिकेचा जन्मदाखला. यातलं काहीच नसेल तरच हाडांची तपासणी. आम्ही दाखल्यासाठी शाळेच्या ऑफिसात खेटे घातले आणि ते दिवस पोराने आत काढले. तू आजच ट्रंक उघड. दाखला, गुणपत्रिका, रेशनकार्ड, तुमची दोघांची आधार कार्डं, त्याचं काही औषध चालू असेल तर ती चिठ्ठी, सगळं एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घाल. झेरॉक्स वेगळ्या. आणि वय कमी दाखवणारा खोटा दाखला आणून देतो म्हणणारा कुणी भेटलाच तर त्याला दारातूनच परत पाठव.

वकिलाच्या पैशांसाठी मंगळसूत्राला हात लावू नकोस. मुलांना सरकारी वकिली मदत फुकट मिळते, त्यात उत्पन्नाची अट नाही. ठाण्याला जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, आणि १५१०० हा विधी सेवेचा देशभरचा फोन नंबर. कोर्टाच्या फाटकाशी 'साहेब ओळखीचे आहेत, मिटवून टाकतो' म्हणणारी माणसं भेटतात. आम्ही अशा एकाला सात हजार दिले. त्याचं तोंड पुन्हा दिसलं नाही.

जामिनाचं नीट समजून घे, कारण इथेच आईबाप घाबरतात. मोठ्यांच्या बाबतीत जो गुन्हा अजामीनपात्र, त्यातही मुलाला जामीन देणं हाच नियम आहे, जामीनदार असो वा नसो. नाकारायचा तर कारणं तीनच: सुटल्यावर तो गुन्हेगारांच्या संगतीत पडेल, त्याच्या जिवाला किंवा मनाला धोका होईल, किंवा न्यायाचा हेतूच फसेल. आणि ती कारणं लिहून द्यावी लागतात. म्हणून मंडळासमोर नुसतं रडू नकोस. तो सुटल्यावर कुठे राहील, कोण लक्ष ठेवेल, शाळेत कधीपासून जाईल, ते सांग. गल्लीतली पोरं नडत असतील तर मावशीकडे, आत्याकडे ठेवायची तयारी दाखव.

पुण्याचं २०२४चं पोर्शे प्रकरण आठवतं ना? लोकांचा राग रास्तच होता, अल्पवयीन मुलाच्या गाडीने दोन जीव गेले होते. तरी २५ जूनला मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं, की जामीन दिलेल्या मुलाला निरीक्षणगृहात ठेवता येणार नाही, आणि त्याला आत्याच्या ताब्यात दिलं. त्याच प्रकरणात रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून आईवडिलांनाच अटक झाली होती. पोराला वाचवायला म्हणून पुरावा लपवावा, साक्षीदाराला गाठावं असं मनात आलं तर हे आठव. तू आत गेलीस तर त्याच्यासाठी उभं कोण राहणार?

दोन आठवड्यांत परिवीक्षा अधिकाऱ्यांचा सामाजिक अहवाल मंडळाकडे जातो. ते तुला प्रश्न विचारतील, कदाचित घरीही येतील. खरं सांगू का, माझी सगळ्यात मोठी चूक इथे झाली. मी ठासून सांगितलं, 'आमचा मुलगा शाळा सोडून कुठे जात नाही.' पुढच्या तारखेला कळलं, तीन आठवडे त्याने शाळेचं तोंड पाहिलेलं नव्हतं. माझ्या एकाही शब्दाला मग किंमत उरली नाही. तुम्ही दोघं कामावर असता, तू जीन्सच्या कारखान्यात, नवरा एमआयडीसीत रात्रपाळीला, संध्याकाळी घरात कुणी नसतं, हे सरळ सांग. तो पीत असेल तर तेही सांग. मदत कुठे लागणार ते त्यांना त्यावरूनच कळतं.

पुढचं थोडक्यात. चौकशी चार महिन्यांत संपवायची असते, फार तर आणखी दोन महिने. दोष ठरला तरी समज देणं, समुपदेशन, समाजसेवा, देखरेखीखाली घरी सोडणं असे मार्ग मंडळाकडे आहेत. मंडळ विशेष गृहात पाठवू शकतं ते जास्तीत जास्त तीन वर्षं. मुलगा सोळा ते अठरामधला असेल आणि कलम किमान सात वर्षांच्या शिक्षेचं असेल, तर मात्र पहिल्याच दिवसापासून चांगला वकील बरोबर ठेव. अशा वेळी त्याच्यावर मोठ्यांसारखा खटला चालवायचा का, याची आधी तपासणी होते.

भेटीचे दिवस आणि वेळा आधीच विचारून घे, बाहेरचं खाणं चालतं का तेही विचार. मी न विचारता गुळपोळ्यांचा डबा नेला होता. तो तसाच परत घेऊन कल्याणच्या फलाटावर किती वेळ बसले, आठवत नाही. पहिल्या भेटीत मी भाच्याला नुसती बोलत सुटले, 'आईची काय दशा केलीस बघ.' तो खाली बघून नख खात होता, एक शब्द बोलला नाही. दुसऱ्या वेळी मी गप्प बसले. थोड्या वेळाने तोच म्हणाला, 'मावशी, माझी सायकल पावसात नाही ना?' तेव्हा मला कळलं, पोरगं मनाने घरीच आहे. नंतर मग सगळं बोलला, कोण मारतं, झोप का येत नाही, सगळं. तू आधी जेवणाचं, झोपेचं विचार. गुन्ह्याचं बोलणं वकिलासमोर.

आणि लोकांचं. मुलाचं नाव, फोटो, शाळा छापणं हा गुन्हा आहे, त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. सोसायटीच्या ग्रुपवर कुणी फोटो फिरवला तर त्याचा स्क्रीनशॉट काढून वकिलाकडे दे. प्रकरण मंडळाने निकाली काढल्यावर या एका गोष्टीपायी त्याचं पुढचं शिक्षण, नोकरी अडू नये, अशीही तरतूद कायद्यात आहे.

चल, पिशवी भर. त्याचा स्वच्छ शर्ट घे एक, जामीन झाला तर घालायला. मी अंबरनाथला पहिल्या लेडीज डब्याच्या जागी उभी असेन. बदलापूरहून गाडी सुटली की एक मिस्ड कॉल दे.