रक्त पातळ करणारी गोळी मनाने बंद करू नका



हृदयाचे ठोके अनियमित पडणाऱ्या अनेकांना डॉक्टर रक्त पातळ करणारी गोळी देतात. "आता बरं वाटतंय, मग गोळी कशाला?" असं म्हणून ती बंद केलेली माणसं आम्हाला वस्त्यांमध्ये नेहमी भेटतात. म्हणून या वेळी हा विषय.

हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरू लागले, की तिथे रक्त साचतं आणि गुठळी होते. ती मेंदूत गेली की लकवा मारतो. एट्रियल फिब्रिलेशन नावाच्या या आजारात लकव्याचा धोका सुमारे 5 पट वाढतो. दाटीच्या वस्त्यांत लहानपणी घसा सुजून सांधेदुखीचा ताप येतो, त्याने हृदयाची झडप खराब होते. मग तरुण बाईलाही हा आजार गाठतो.

मनगटावर अंगठ्याखाली तीन बोटं ठेवून एक मिनिट नाडी मोजा. ठोके वेडेवाकडे लागले, तर ईसीजी काढून घ्या.

गोळी गुठळी होऊ देत नाही. तिचं काम अंगाला जाणवत नाही, पण बंद केली की काही दिवसांतच धोका परत येतो. अॅस्पिरिन तिची जागा घेऊ शकत नाही.

वॉरफरिन किंवा असिट्रोम चालू असेल, तर हे पाळा:

1. रोज ठरलेल्या वेळी घ्या. काल राहिली म्हणून आज दोन घेऊ नका.
2. आयएनआर तपासणी चुकवू नका. बहुतेकांचा आकडा 2 ते 3 हवा. कमी असेल तर गुठळीची भीती, जास्त असेल तर रक्तस्रावाची.
3. मेथी, पालक खा. पण एक आठवडा भरपूर आणि पुढे अजिबात नाही, असं नको.
4. अंगदुखीची गोळी दुकानातून परस्पर घेऊ नका. दारू टाळा.
5. दिवस राहिले असतील किंवा राहण्याची शक्यता असेल, तर डॉक्टरांना लगेच सांगा. या गोळीने गर्भाला इजा होऊ शकते.

नव्या गोळ्यांना आयएनआर लागत नाही. पण झडप फार अरुंद झालेली किंवा धातूची बसवलेली असेल, तर त्या चालत नाहीत. म्हणून गोळी परस्पर बदलू नका.

काळी शौच, लाल लघवी, न थांबणारं नाकातलं रक्त किंवा डोक्याला मार, यांपैकी काहीही झालं तर थेट दवाखाना गाठा.

तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोबडी वळली, तर 108 ला फोन करा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांतच देता येतं. रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे, हे तिथे आधी सांगा. कबुतराचं रक्त चोळण्यात आणि अंगारा लावण्यात ही वेळ घालवू नका. 22 प्रतिज्ञा घेतलेल्या आपल्या घरांत हे शोभत नाही.

आयएनआरसाठी दिवसाची मजुरी बुडते, हे आम्हाला माहीत आहे. ही तपासणी जवळच्या सरकारी दवाखान्यात मिळावी, असा अर्ज महिला मंडळाने सह्या गोळा करून द्यावा. तथागतांनी आजारी भिक्खूला स्वतः अंघोळ घातली होती. आपण निदान शेजाऱ्याला तपासणीची तारीख आठवण करून देऊ या.